नारळाने मोजलेली पवना

अहो,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात आपल्या ओसरीवर जेवढी माणसं येऊन बसली तेवढी तुम्ही असताना दहा वर्षांत आली नव्हती. आली असती तर तुम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरून त्यांना वाटेला लावलं असतंत. येणारा प्रत्येकजण म्हणाला, "देवमाणूस गेला." मी समोर पाण्याचं भांडं ठेवत होते आणि मनात म्हणत होते, या लोकांनी देवही पाहिलेला नाही आणि माणूसही. देवमाणूस आमटीत गूळ कमी पडला म्हणून ताट सरकवून उठत नाही. देवमाणूस स्वतःची छत्री स्वतः विसरून येऊन गड्याला चोर ठरवत नाही. तुम्ही माणूस होतात, हट्टी होतात आणि बरेचदा चुकत होतात. मला तो तसाच हवा आहे. शेजाऱ्यांनी साखरेच्या पाकात घोळून परत दिलेला नको.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत शीला आणि प्रकाश. आपल्या वसंताची बदली श्रीनगरच्या इस्पितळात झाल्यापासून नातवंडांची आणि तुमची गाठ सुट्टीपुरतीच पडायची. तुम्ही गेल्याची तार त्यांना पोचण्याआधीच त्यांनी तुमच्या नावे पत्र टाकलं होतं. ते इथे आलं तेव्हा तुमचे दिवस चालू होते. प्रकाशने लिहिलं आहे की तिकडे बर्फ वितळायच्या आधी तळ्याकाठी रोवलेल्या खांबावर रोज पाण्याची खूण बघतात, आणि झेलमच्या पुलावरून एक माणूस दोरीला काहीतरी बांधून सोडतो व पाण्याची ओढ मोजतो. आत्ता किती आहे हे माहीत असलं म्हणजे पुढे येणाऱ्याची तजवीज करता येते, असं त्या माणसाने त्याला समजावलं. खाली शीलाने विचारलं आहे, "आजोबा, तुम्ही पण नदी मोजायचात ना? कशी मोजायचात?"

तुम्ही उत्तर दिलं असतंत तर चार पानं सूत्रं पाठवली असतीत आणि खरी हकिकत गाळली असतीत. म्हणून उत्तर मी देते. क्रमाने देते. तुम्ही कोणतीही गोष्ट शेवटापासून सुरू करायचात आणि मधे चहा मागायचात.

आपल्याकडे बर्फ नाही. आपलं पाणी ज्येष्ठात वरून येतं. प्रश्न मात्र तोच. ते येण्याआधी, वैशाखाच्या अखेरीला, पवनेत वाहतं पाणी किती उरतं? श्रावणातली नदी कुणालाही पुरते. वैशाखातल्या नदीतून कुणी किती उचलायचं यावर खालच्या अंगाची माणसं जगतात किंवा जगत नाहीत. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, लग्नानंतर पहिल्याच वर्षी. म्हणून तर पुढे जे केलंत त्याची जास्त चीड येते.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झाला होतात आणि आपण चिंचवडला नदीपासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं होतं. पिंपरीच्या माळावर तेव्हा रोज काहीतरी उगवत होतं. निर्वासितांच्या चाळी, विटांच्या भट्ट्या, अमुक कारखान्याची नियोजित जागा अशा पाट्या. काचेच्या बाटल्यांचा कारखाना काढायला निघालेले मुंबईचे एक शेट मोटारीने आपल्या दारी आले. "रावसाहेब," ते म्हणाले, "नदीतून बारा महिने किती पाणी उचलता येईल तेवढं सांगा. बाकी आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी चैत्रातल्या उन्हात तुम्ही कोट घालून बाहेर पडलात. मी हसले तर म्हणालात, "अगं, कामाचा मान असतो." कामाला कोट लागत नव्हता. दोन वर्षांनी कुणीतरी पुन्हा रावसाहेब म्हटलं होतं, त्याला लागत होता.

मोजणी साधी होती, आणि मुलांनी ती समजून घ्यावी. नदीचा सरळ वाहणारा तुकडा निवडायचा. दोन दोर आडवे बांधायचे. बांबूने ठिकठिकाणी खोली घ्यायची. वरच्या दोरापाशी तरंगणारी वस्तू सोडायची आणि ती खालच्या दोरापाशी केव्हा पोचते ते घड्याळात बघायचं. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की प्रवाह कळतो. तुम्ही सोललेला नारळ वापरायचात. तो निम्मा पाण्यात बुडून चालतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. हे तुमचं बरोबर होतं. तुमचं जे बरोबर होतं ते मी बरोबरच म्हणणार. यादी लांब नाही, त्यामुळे मला जड जाणार नाही.

एकदा मीही तुमच्याबरोबर टांग्यातून आले होते. वरच्या अंगाच्या गावच्या बायका धुणं सोडून तुमच्याकडे बघत होत्या.

"अगं बया, सायेब गंगामाईला नारळ सोडत्यात!"

"सोडत्यात आन् फुडं जाऊन काढून घेत्यात. बघ की."

"सरकारी नारळ हाय त्यो. द्यायचा बी आन् घ्यायचा बी."

तुम्ही ऐकलंत आणि मिशीतही हसला नाहीत. हसला असतात तर त्या बायका तुमच्याशी बोलल्या असत्या, आणि बोलल्या असत्या तर पुढचं सगळं तेव्हाच कळलं असतं. पण कोट घातलेला माणूस धुणं धुणाऱ्या बायकांशी बोलत नाही.

आता तुमच्या खोडीबद्दल. तुम्ही जन्मभर दौरे केलेत. दौऱ्याआधी कार्ड जायचं, मग डाकबंगला झाडला जायचा, पाणी तापायचं, चार माणसं हात जोडून उभी राहायची. निवृत्तीनंतर डाकबंगला गेला, शिपाई गेला, पण कार्ड टाकायची खोड गेली नाही. त्या गावच्या रंगराव पाटलांना दर खेपेला तुमचं कार्ड जायचं: अमुक वारी सकाळी नदी मोजण्यास येत आहे, माणसं आणि दोर तयार ठेवावेत.

पंधरवड्यातून एकदा तुम्ही जायचात, आणि दर खेपेला पायरीवरूनच ओरडत यायचात. "पवना आटत नाही! मी म्हणत नव्हतो?" चैत्र सरला, वैशाख लागला, आपल्या विहिरीचा तळ दिसायला लागला, अंगणातली तुळस दोन वेळा पाणी मागू लागली, आणि तुमचा प्रवाह मात्र तसूभर कमी होईना. कोणत्याही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. तुम्हाला सिद्धान्त सुचला. सह्याद्रीच्या पोटातलं पाणी उन्हाळ्यात हळूहळू पाझरतं आणि नदीला पुरवठा करतं, असा. दुपारी मी चिंचा फोडत बसले होते तेव्हा तुम्ही तो मला वाचून दाखवलात. नंतर पुण्याला जाऊन तुमच्यासारख्याच चार निवृत्तांना दाखवलात. त्यांनी माना डोलावल्या. त्या वयात त्या नाहीतरी डोलतातच.

आपल्या घाटाखाली नदीच्या पात्रात हौसाबाईची वाडी होती. मुलांना आठवत असेल, सुट्टीत तिच्याकडची खरबुजं यायची. पाणी ओसरलं की ती वाळूत वाफे करायची, काकडी, खरबूज, दुधी लावायची आणि पाऊस यायच्या आत सगळं काढून घ्यायची. नवरा गेलेला, दोन मुली लग्नाच्या, आणि दुसरी जमीन नाही. ती एक दिवस मागच्या दारी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाईसायेब, सायबास्नी सांगा, नारळ जरा बेतानं सोडा."

"का गं? काय झालं?"

"सायेब नारळ सोडून आलं की सांजच्याला पानी चढतंय. माजं खालचं वाफं गेलं. नदी भुलती नारळाला. उद्या दोन सोडलं तर आमी समद्याच व्हात जानार."

"हौसाबाई, नारळाने कुठे पाणी चढतं का?"

"मग कशानं चढतंय? तुमी शिकलेल्या हायसा, तुमी सांगा."

तिचा तर्क खुळा होता आणि तिला तो पटवून देण्याची हौसही दांडगी होती; जाताना तिने घाटावरच्या सगळ्या बायकांना तो सांगितला. पण वाफे बुडाले होते हे खरं होतं. आणि तुम्ही मोजायला गेलात त्याच दिवशी बुडाले होते हेही खरं होतं. सह्याद्रीच्या पोटातला पाझर पोस्टाची कार्डं वाचत नाही, एवढं समजायला मला पाटबंधाऱ्यात नोकरी करावी लागली नाही.

जेवताना मी तुम्हाला हे सांगितलं.

"तुझ्या मुलींच्या शाळेत जलशास्त्र शिकवत नव्हते," तुम्ही म्हणालात.

"वार शिकवत होते. तुम्ही जाता त्याच वारी पाणी येतं. एकदा कार्ड न टाकता जाऊन बघा."

"न कळवता जायला मी काय भिक्षुक आहे?"

"मग नदीला तरी कळवू नका."

तुम्ही ताक न पिता उठलात. मी ते मांजरीला घातलं.

वैशाख संपता संपता रंगराव पाटील रायवळ आंब्यांची पाटी घेऊन आपल्याकडे आले. तुम्ही खुर्चीत, ते ओसरीच्या कठड्यावर, मी दारात. तो प्रसंग तुम्ही कधीही, कुणापुढेही पुन्हा काढला नाहीत, म्हणून मी तो जसाच्या तसा लिहिते.

"सायेब, औंदा पानी कसं काय वाटलं? मनासारखं व्हतं न्हवं?"

"उत्तम, पाटील. फारच उत्तम."

"आमी कसर ठिवलीच न्हाई. तुमचं कारड आलं की आदल्या दिशी वरचं समदं बांध फोडून टाकतो."

"कसले बांध?"

"शेताला पानी अडवाया घालतो त्ये. दगडमातीचं. पंधरा दिसांत फिरून भरत्यात. जनावरांचं कडवळ वाळलं जरा, पर त्याचं काय न्हाई. पुन्याचा सायेब नदी बघाया येनार आन् तिला अशी हाडं निघालेली दावायची व्हय? गावाच्या अब्रूचं काम हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरला पावना यायचा म्हनल्यावं आपन सारवून घेतोच की, वैनीसायेब. घ्येतो का न्हाई?"

"घेतो तर," मी म्हणाले. "पाटील, तुम्ही नदी छान सारवलीत."

ते खूश झाले. त्या माणसाच्या मनात लबाडी नव्हती. असती तर मी त्याला थोडा तरी मान दिला असता. लबाड माणूस निदान स्वतःचं भलं बघतो. याने स्वतःची जनावरं उपाशी ठेवून, स्वतःच्या शेताचं पाणी सोडून, एका परक्या शेटपुढे नदी पावडर लावून उभी केली, आणि तिच्या भरवशावर तो शेट तिच्यातलं पाणी कायमचं उचलायला येणार होता. आणि ते बघायला गेलेला तुमच्यासारखा इंजिनिअर आधी कार्ड टाकून गेला. तुम्हा दोघांपैकी जास्त मूर्ख कोण, हे मी अनेकदा ठरवायला बसले आहे.

पाटील गेले. तुम्ही पाटीतला एक आंबा घेतलात, पिळलात, चाखलात आणि म्हणालात, "आंबट नाही."

एवढंच.

मला वाटलं होतं, सकाळी उठून तुम्ही न कळवता नदीवर जाल. पाऊस अजून यायचा होता. तुम्ही गेला नाहीत. आधी म्हणालात, आता बांध फुटलेले आहेत, खरी मोजणी येणार नाही. मग म्हणालात, शेट थांबायचे नाहीत. मग म्हणालात, सगळ्याची सरासरी धरू. खोट्या मोजण्यांची सरासरी काढली की काय येतं ते मी विचारलं. खरं कारण मला ठाऊक होतं. खरा आकडा द्यायचा तर तो का बदलला हे सांगावं लागलं असतं. मग पाटलाने रावसाहेबांना फसवलं, तेही प्रेमाने, ही गोष्ट पुण्यापर्यंत गेली असती. सिद्धान्त वाचून माना डोलावणारे चौघे पोट धरून हसले असते. तुम्ही नदीपेक्षा त्या चार टकलांना घाबरलात.

अहवाल गेला. त्यात तुमचा तोच गुटगुटीत आकडा होता, आणि शेवटी इंग्रजीत एक शेपूट: पुढील पडताळणी इष्ट. मला त्या ओळीचा आकड्याहून जास्त तिटकारा आहे. अशी ओळ लिहिणारा माणूस पुढे काही बिघडलं तर म्हणतो, मी लिहिलं होतं. आणि नाही बिघडलं तर ती ओळ विसरून जातो. माझं इंग्रजी अक्षर चांगलं म्हणून अहवालाची स्वच्छ प्रत करायला तुम्ही तो माझ्यापुढे ठेवलात. मी म्हणाले, हे माझ्या अक्षरात जाणार नाही. मग तुम्ही स्वतःच प्रत केलीत. तीत दोन ठिकाणी क्रियापद चुकलं होतं. मी पाहिलं आणि जाऊ दिलं. आजही जाऊ दिलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला कारखान्याचा पंप सुरू झाला. त्याचा आवाज वारा असला की घाटापर्यंत यायचा. चैत्रात घाटाखाली पाणी होतं, वैशाखात डबकी उरली. वाडीतल्या वेली दुपारी मान टाकायच्या त्या संध्याकाळीही वर करीनाशा झाल्या. हौसाबाई वाळूत झरा खणून ओंजळीओंजळीने पाणी काढत होती. एक दिवस सकाळी ती आणि घाटावरच्या आणखी सात-आठजणी अंगणात येऊन बसल्या. तुम्ही दाढी करत होतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलात.

"सायेब," हौसाबाई म्हणाली, "एक डाव नारळ सोडा."

"हौसाबाई, नारळाने पाणी येत नाही."

"आलं व्हतं की गेल्या साली. समद्यांनी बघितलंय. तवा म्या भांडून गेले, चुकलं माजं. आता सोडा. वाफं बुडालं तर बुडूंद्या."

"अहो, ते पाणी..." तुम्ही सुरुवात केलीत. मी दारात उभी होते. म्हटलं, आता बोलतील. निदान या बायकांपुढे तरी. त्यांच्यात कुणीही पुण्याचं नव्हतं.

तुम्ही वळलात. आत गेलात, साबण पुसलात, माझ्या फडताळातून नारळ घेतलात, अंगणातल्या पायरीवर बसून तो स्वतः सोललात आणि घाटाकडे निघालात. मी मागून आले. बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीने उभ्या राहिल्या. तुम्ही पात्रात उतरलात, इकडे गेलात, तिकडे गेलात. नारळ तरंगेल एवढं वाहतं पाणी कुठे नव्हतं. शेवटी ओल्या वाळूतून एक ओहळ जात होता त्यात तुम्ही तो ठेवलात. नारळ वाळूवर बसला. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेलं. हौसाबाईने हात जोडले. तुम्ही वाकून उभे होतात, तसेच उभे राहिलात, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की तुमची मान मागून म्हातारी झाली आहे.

घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "पाणी नव्हतं."

"हे शेटना लिहा," मी म्हणाले.

"लिहितो."

लिहिलं नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. त्याऐवजी तुम्ही काय केलंत ते मुलांना सांगितलं पाहिजे, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. त्याच आठवड्यात तुम्ही मागच्या कुंपणातली तार काढून वाट केलीत आणि हौसाबाईला म्हणालात, "इथून पाणी ने." आपल्या विहिरीचं पाणी तेव्हा खोल गेलं होतं. तिने उतारावरून वाडीपर्यंत चर खणला. आणि रहाटावर तुम्ही उभे राहिलात. साठीला आलेला, रक्तदाबाचा माणूस, धोतर खोचून, रोज सकाळी पोहरा ओढून चरात रिकामा करत होता. गडी म्हणाला, "मी वढतो, सायेब," तर त्याला हाकलून दिलंत. तुमच्या तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. त्या घट्ट्यांना रात्री मी खोबरेल लावायची आणि तोंडाने तुम्हाला बोलत राहायची.

काय भांडलो आपण त्यावरून! मी म्हणायची, "शेटला एक ओळ लिहायची नाही म्हणून हे पोहरे ओढता. कष्ट केले की सुटलो असं वाटतं तुम्हाला."

"अगं, तिचे वाफे जगले ना?"

"तिचे जगले. खाली काळेवाडीपर्यंत ज्यांचे वाळले त्यांचं काय?"

"माणसाला विहीर एकच असते," तुम्ही म्हणायचात.

हे उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही, आणि मान्य तर मुळीच करता आलेलं नाही. विहीर एक असते हे खरं. पण शाईच्या दौती घरात दोन होत्या.

आणि तरीही, अहो, रहाटाचा तो आवाज मला ऐकू येत नाही तेव्हा जाग लवकर येते. तुमच्यावर रागावलेली असतानाही मी त्या आवाजावर झोपत असे. मला हेही आठवतं की लग्नानंतर सासूबाईंनी माझी इंग्रजी पुस्तकं माळ्यावर टाकली तेव्हा तुम्ही शिडी लावून ती खाली आणलीत आणि त्यांच्यादेखत माझ्या हातात दिलीत. आईसमोर उभं राहण्याची हिंमत ज्याच्यात होती त्याला चार टकलांसमोर ती का सापडली नाही, हे कोडं तुम्ही माझ्या अंगावर टाकून गेलात. फाल्गुनात, चहाचा कप हातात असताना, एक शब्द न बोलता. ते मात्र तुम्हाला शोभलं.

आता शेवटचं. हे तुम्हाला माहीत नाही, कारण हे तुम्ही गेल्यावर झालं.

पंधरा दिवसांपूर्वी कारखान्याचा नवा इंजिनिअर भेटायला आला. देशमुख नाव, परभणीकडचा, वसंताहूनही लहान. माझ्या पाया पडला, खाली सतरंजीवर बसला, आणि देवमाणूस म्हणाला नाही. मला तिथेच बरा वाटला. म्हणाला, "काकू, काकांचा आकडा म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द आहे बघा. कारखाना वाढतोय. त्या आकड्याप्रमाणे अजून निम्मं पाणी शिल्लक दिसतं. तेव्हा वैशाखाच्या आत दुसरा पंप बसवायचं ठरलंय."

"आणि त्या पंपाला काय नाव देणार आहात?" मी विचारलं.

तो गोंधळला. "नाव कसलं, काकू? पण शेट म्हणत होते, तिथे काकांच्या नावाची फरशी लावू. तुमची परवानगी असेल तर."

तुमच्या नावाची फरशी. हौसाबाईची राहिलेली वाडी आणि तिच्यासारख्या सगळ्यांचं उरलेलं पाणी ओढून नेणाऱ्या खोलीवर तुमचं नाव, संगमरवरात. तुम्ही असतात तर त्यावर पदवी लावायची की नाही याची चर्चा केली असतीत. मग एका सकाळी दोन पोहरे जास्त ओढले असतेत.

मी त्याला सगळं सांगितलं. कार्डं, बांध, पाटलांचे आंबे, वाळूवर बसलेला नारळ. तो मधे एकदा हसला आणि लगेच ओशाळला. "हसा," मी म्हणाले, "ते गेलेत. आता त्यांना लागायचं नाही."

"पण काकांनी कळवलं का नाही?"

"जमलं नाही त्यांना."

त्याने सतरंजीचा एक दोरा ओढून काढला. मग म्हणाला, "काकू, नुसतं तोंडी सांगून शेट ऐकायचे नाहीत. लेखी लागेल. आणि लेखी म्हणजे काकांचं नाव..."

"बसा," मी म्हणाले.

मी तुमच्या टेबलाशी बसून लिहिलं. इंग्रजीत, एक पान. तुमचा आकडा चुकीचा आहे, तो का चुकला, आणि तो चुकला हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. इष्ट वगैरे काही लिहिलं नाही. खाली तुमचं नाव, पत्नी म्हणून माझं नाव, आणि सही. क्रियापदं दोनदा तपासली. त्याने पान वाचलं आणि घडी करून खिशात ठेवायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. "काकू, खरा आकडा किती मग?"

"मला काय ठाऊक? जाऊन मोजा. पाटलांना कळवू नका."

चार दिवसांनी तो मोजून सरळ इकडे आला. मी फाटकात उभी होते. आकडा विचारला नाही, त्याच्या पायांकडे पाहिलं. नदी या काठापासून त्या काठापर्यंत ओलांडून आलेल्या माणसाचे बूट कोरडे होते.

दुसरा पंप बसणार नाही. पहिला वैशाखात दिवसा बंद ठेवायचा का, यावर शेटशी वाद चालू आहे; देशमुख भांडतो आहे, आणि त्याला भांडता येतं असं दिसतं. फरशीचं बारगळलं. तुमचा आकडा त्यांनी तांबड्या शाईने खोडला. ही गोष्ट पुण्याला पोचली आहे, कारण त्या चौघांपैकी एकाचं सांत्वनाचं दुसरं पत्र आलं आणि त्यात या खेपेला सह्याद्रीच्या पाझराची चौकशी आहे. तुमचं नाव मी घालवलं, अहो. तेरा दिवसांचं सगळं यथासांग केलं आणि मग शांतपणे, टेबलाशी बसून, हे केलं.

तुम्ही असतात तर भिंतीकडे तोंड करून महिनाभर माझ्याकडे पाठ फिरवून बसला असतात. त्या पाठीशी भांडायची माझी पूर्ण तयारी आहे.